सांध्यातली फट

"डॉक्टर, मालिश करताना ह्याचा पाय गुडघ्यात दुमडतच नाही हो," तान्ह्या लेकराला पुढे करत प्राजू रडवेली होऊन म्हणाली.

डॉ. शमा केळुस्करांनी त्या इवल्या गुडघ्यावर सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये फटच नव्हती. तरी यंत्राने हिरवी खूण केली, 'गुडघा निर्दोष.'

सकाळपासून आलेल्या प्रत्येक बाळाचं हेच. यंदाच्या बाळांचे गुडघे बघून यंत्र आपलं आपण शिकत होतं. बहुतेकांचं जसं, तेच त्याच्या लेखी निरोगी.

यंत्राची परीक्षाच घ्यावी म्हणून शमाताईंनी आपल्या लेकीची, ओवीची, जन्मानंतरची गुडघ्याची जुनी सोनोग्राफी त्याला दाखवली. ओवी आता शाळेत खो-खो खेळते, कुणाच्या हाती लागत नाही.

पडदा लाल झाला. 'सांध्यात फट. गंभीर दोष. शस्त्रक्रिया विभागाला कळवले आहे.'

"बिघडलंय मेलं," म्हणत त्यांनी प्राजूची समजूत घातली आणि पुढचं बाळ तपासायला घेतलं. अर्ध्या तासाने फोन वाजला. ओवीच्या वर्गशिक्षिका होत्या.

"मॅडम, हॉस्पिटलची गाडी आली होती. तुमच्याच नावाचा आदेश होता ना, म्हणून लगेच बसवलं तिला. काळजी करू नका, अजिबात रडली नाही."