आबांचा अंगठा

अंबाजी आबांनी बटण दाबलं. लगेच आणखी एकदा दाबलं.

"आबा, थांबा!" यंत्रापाशी बसलेली कोमल म्हणाली. "ठिपका चमकला तरच दाबायचं. आत्ता एकही चमकला नाही."

आबा चपापले. उजव्या डोळ्यात काचबिंदूची सुरुवात असावी, असा तळेगावच्या डॉक्टरीणबाईंना संशय होता. सकाळी कपाळाला तारा चिकटवून केलेल्या तपासणीत डोळ्याची नस मंदावलेली दिसली होती. बटणाच्या तपासणीत मात्र आबांना सगळंच दिसत होतं, नसलेलंसुद्धा.

आबांना डोळ्यापेक्षा घड्याळाची काळजी जास्त. आंदर मावळातल्या त्यांच्या गावच्या बैलगाडा शर्यतीत तीस वर्षं घड्याळ त्यांच्याच हातात होतं. डावा डोळा मिटायचा, उजवा निशाणाच्या दोरीवर रोखायचा, बैलांनी दोरी ओलांडली की अंगठा दाबून घड्याळ थांबवायचं; ज्याची वेळ सगळ्यात कमी, त्याचा पहिला नंबर. जत्रा तीन आठवड्यांवर आली होती. डोळा अधू ठरला की घड्याळ गेलंच.

त्यांना स्वतःच्या गाडीतून घेऊन आलेला हौशीराम शेजारी चहा पीत होता. सलग दोन वर्षं पहिला नंबर त्याच्याच बैलांचा. भावकी अशी दांडगी, की बैल घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, अर्ध्यात असतानाच जिंकल्याचा गलका करायची. वाटभर तो आबांची समजूत घालत आला होता.

"घड्याळाचं मनाला लावून घिऊ नगा, आबा. शर्यती काय, दरसाल हायेत. डोळा गेला की गेला."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आबा, ठिपका नसताना बटण कशावरून दाबता?"

आबांनी मान खाली घातली. तीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती.

"खरं सांगतो, बाई. यंत्र आतनं किर्र करतं, तवा दाबतो. दोन सालं झाली, दोरीच्या डाव्या अंगाचं धड दिसंना. घाटातबी तसंच करतो. लोकांचा गलका झाला, की अंगठा खाली."

हौशीरामला ठसका लागला.

कोमलनं आबांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले आणि तपासणी पुन्हा घेतली. या वेळी कागदावर नाकाच्या बाजूला छोटासा काळा डाग उमटला.

"वेळेत आलात!" डॉक्टरीणबाई आबांच्या कानाशी ओरडल्या. "थेंब रोज न चुकता घाला. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेली नजर टिकेल!"

आबांना हायसं वाटलं. लाजही वाटली. ते हौशीरामकडे वळले.

"औंदा घड्याळ माझ्या नातवाकडं, सत्यमकडं दिऊ. तरणी नजर हाय त्याची."

हौशीराम ताडकन उठला. त्यानं आबांच्या कानांतला कापूस घाईघाईनं उपसून काढला.

"काय बोलताय, आबा! घड्याळाला डोळा कशाला लागतोय? कान शाबूत हायेत की तुमचं!"