एका अंघोळीचं सुतक

टेकडीवर चढल्यावर रेंज आली आणि लगेच नणंदेचा फोन आला.

“वहिनी, दादा गेला. पहाटे.”

मी विचारलं, “मलाही दहा दिवस सुतक का गं?”

ती अडखळली. “तुला कसलं? घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. डोक्यावरून अंघोळ केलीस की झालं.”

खाली तंबूपाशी आले. काळा कॅन सकाळपासून कातळावर तापत होता. झाकणाला तापवलेल्या सुईनं भोकं पाडायची, कॅन उन्हात ठेवायचा, मग फांदीला उलटा टांगायचा, ही युक्ती त्याचीच. पहिल्या कॅम्पला त्यानं अकरा भोकं पाडून सुई माझ्या हातात दिली होती. “बारावं तुझं.” माझं जरा मोठंच झालं. अजून तिथूनच जास्त पाणी येतं.

कॅन टांगून खाली बसले. पाणी कोमट होतं. रडू आलं नाही. कॅन रिकामा झाला. झाली अंघोळ.

केस न पुसताच ओढ्यावर गेले, कॅन भरून आणला आणि उद्यासाठी कातळावर ठेवला.

मग डब्यातले तांदूळ बघितले. दहा दिवस पुरतील.