पहिली कुदळ

मुख्य रस्ता नव्याने बांधायचा होता, आणि सगळ्यात कमी दराची निविदा पुन्हा त्याच कंत्राटदाराची निघाली. मागच्या खेपेला सहा महिन्यांची बोली करून त्याने इंजिनिअर बाईंच्या दारात रस्ता खणला आणि दोन वर्षं वाऱ्यावर सोडला. रुग्णवाहिका दारापर्यंत येईना. बाईंच्या वडिलांनी उंबऱ्यातच प्राण सोडला.

बाईंनी नकाशा उलगडला आणि पहिल्या कुदळीची खूण कंत्राटदाराच्याच घरासमोर केली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "ताई, तिथून नको हो. आमचे अण्णा अंथरुणाला खिळलेत. कधी गाडी बोलवावी लागेल, नेम नाही."

 

"ठाऊक आहे, भाऊ," बाई हळूच म्हणाल्या, "म्हणून तर या खेपेला काम मुदतीत होईल."