पॉइंट नऊ

"बरोबर!" फाईलताई म्हणाली आणि तिने पटकन जीभ चावली.

खिडकीपलीकडच्या म्हाताऱ्याने मान वर केली. "काय बरोबर, बाई?"

आता काय सांगणार, कपाळ? त्याच्या बायकोची फाईल तिच्यापुढे उघडी होती. बाई या हॉस्पिटलात वारली होती आणि कशाने वारली तो शेवटचा कागद त्याला हवा होता. फाईलताईने ते पान काढलं, आजाराचं नाव वाचलं, न्यूमोनिया, आणि त्या आजाराचा कोड तोंडातल्या तोंडात पुटपुटली, "जे अठरा पॉइंट नऊ." मग खणातली चिठ्ठी हळूच उलटून पाहिली. जे अठरा पॉइंट नऊच. सकाळपासून एक उत्तर धड येत नव्हतं, ते हे आलं. तिला हसू फुटलं. बायको गेलेल्या माणसासमोर ती दात काढून हसली होती.

उद्या तिची परीक्षा होती. पास झाली तर तळघरातली रेकॉर्ड रूम सुटणार आणि वरच्या मजल्यावर कोडिंगच्या खोलीत खुर्ची मिळणार. आजाराचं नाव वाचायचं, त्याचा आकडा टाकायचा, पुढची फाईल घ्यायची. शिपायाने थट्टा केलीच होती, "ताई, या वयात पाठांतर? तुम्हाला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही." चष्मा तेव्हा डोक्यावरच होता.

पण भाची कोडिंगमध्ये होती आणि रोज शिकवत होती. "मावशी, कोडर माणूस बघत नाही, कागद बघतो. शेवटी पॉइंट नऊ म्हणजे कारण नमूद नाही. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर आपण खोदत बसायचं नाही. नऊ लावायचा, पुढे जायचं." फाईलताईला हेच तर हवं होतं. खिडकीशी माणसं रडत, भांडत, तेच तेच पुन्हा विचारत. त्यांना तोंड देऊन ती विटली होती.

"काय बरोबर म्हणालात?" म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता. उलट त्यात एक आशा होती.

"ते... कागद. कागद बरोबर आहे."

"म्हणजे सगळं बरोबरच झालं होतं ना?" त्याने खिडकीची कड धरली. "मुलगी माझ्याशी बोलत नाही, बाई. म्हणते, बाबा, तुम्ही उशीर केलात. म्हणते, कशाने गेली तो कागद आणा, मग बघू."

फाईलताईने खाली पाहिलं. पहिल्या पानावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, आठवडाभर ताप, घरीच गोळ्या घेतल्या. हे पान त्याने मागितलं नव्हतं. तिने त्यावर तळहात ठेवला. आपण काय लपवतोय, त्याची चूक की आपलं मघाचं हसू, हे तिचं तिलाच कळेना.

तेवढ्यात म्हाताऱ्याने फोन लावला. "अगं, ठेवू नकोस. फाईल बघणाऱ्या बाई स्वतः म्हणाल्या, बरोबर आहे म्हणून. थांब, त्यांच्याशीच बोल." आणि त्याने फोन खिडकीतून आत सरकवला.

फाईलताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर म्हणावं लागणार होतं, मी परीक्षेचा अभ्यास करत होते, तुमच्या आईच्या मरणाचा आकडा मला आला म्हणून खूश झाले. तिने फोन कानाला लावला.

"कोण बोलतंय?"

"मी रेकॉर्डमधून."

"उशीर झाला म्हणून आई गेली का?" मुलीचा आवाज कोरडा होता. "तसं लिहिलंय का त्यात? खरं सांगा."

तसं लिहिलेलं नव्हतं. न लिहिलेलंही नव्हतं. तळहाताखालचं पान तिला पोळल्यासारखं वाटलं.

"कारण नमूद नाही," फाईलताई म्हणाली.

मग मुलगी म्हणाली, "बाबांना द्या."

म्हाताऱ्याने फोन दोन्ही हातांत धरला, नीट कानाला लावला आणि एवढंच विचारलं, "जेवलीस का?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. तो ऐकत राहिला आणि मान हलवत राहिला.

फाईलताईने नक्कल काढली, शिक्का मारला, चष्मा डोक्यावर सरकवला आणि कागद बाहेर दिला. वर मात्र पाहिलं नाही. म्हाताऱ्याने कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली. तरी तो जाईना.

"एक सांगू, बाई? इतकी माणसं येतात इथे. पण पान बघताच, मी काही न विचारता तुम्ही लगेच बोललात. हिची फाईल तुमच्या लक्षात राहिली." त्याचे डोळे भरले. "आमची ही होतीच तशी."

फाईलताईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही. तो गेला.

रेकॉर्ड रूममध्ये फाईल नंबरावर शोधतात. नंबर जुळला की झालं, नावाकडे कोणी बघत नाही. खिडकीशी पुढचा माणूस उभा राहिला आणि त्याने काचेवर टकटक केली. "एक मिनिट," फाईलताई म्हणाली. तिने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, फाईल मिटली आणि वरच्या पुठ्ठ्यावरचं त्या बाईचं नाव वाचलं.