भांडं पाहून मीठ

नात सुभी घरकाम शिकली, की पार्बताबाईला कापूस वेचायला सुनेचे दोन हात आयते मिळणार होते. त्यापायी जाणार काय, तर रोजची मोहरीएवढी अफू. सौदा वाईट नव्हता.

सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली होती म्हणे, आणि इकडे मोर्शीच्या काळ्या रानात कापसाचं सोनं झालं होतं. बोंडं फुटून लोंबत होती, पण वेचायला बाई मिळेना. भगवंत गाड्या घेऊन अमरावतीला गेलेला. त्याची आई पार्बताबाई गुडघ्यांनी अधू. ती अंगणातल्या कापसाच्या ढिगाशी राखणीला बसे. उरली सून माणिक, आणि तिच्या अंगावर पिता जान्या.

"जान्याले सुभी सांभाळते," पार्बताबाई म्हणाली.

"आत्याबाई, पाच वर्साची पोट्टी थे!"

"मी पाच वर्साची होतो तवा भाकरी थापत होतो. तुह्या माहेरी लेकी देव्हाऱ्यात बसवतेत काय वं?"

माणिकनं पदर खोचला.

पार्बताबाई बसल्या जागेवरून शिकवी. केरसुणी कशी धरायची, चुलीत काडी कशी सारायची, रिकामं झालेलं भांडं लगेच राखेनं कसं घासायचं. पहिल्याच दिवशी सुभीनं एवढ्याशा गाडग्यात मूठभर मीठ ओतलं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

"भांडं पाहून मीठ, भवाने! लहान्याले चिमटी, मोठ्याले मूठ. म्हन!"

"लहान्याले चिमटी, मोठ्याले मूठ." डोळे पुसत सुभीनं म्हटलं. त्यानंतर तिचं मीठ कधी चुकलं नाही.

मग जान्याची पाळी आली. कोनाड्यातली अफूची डबी म्हातारीनं पोरीच्या हाताला येईल अशी चुलीजवळ ठेवली. दर वेळी उठायचं कोणी?

"रडला का मोहरीएवढी, बोटावर. रडनारं निजते, बाकीच्यायले काम करू देते."

गावात काही नवल नव्हतं. कापसाच्या दिवसांत निम्म्या घरांत पाळणे असेच गप्प असत.

माणिकचा जीव मात्र वेचताना थाऱ्यावर नसे. संध्याकाळी ओटीतला कापूस टाकायच्या आधी ती पाळण्याशी धावे, जान्याच्या छातीला कान लावी.

"किती देली वं?"

"मोहरीएवढी." सुभी चिमटी उघडून दाखवी.

एकदा तो हलवून हलवून जागा होईना. शेवटी रडला, तशी माणिकही रडली.

"आत्याबाई, एखांद्या दिवशी पोट्टी चुकन!"

"मी शिकवलेली हाय थे," म्हातारी म्हणाली. "चुकत नाही."

पौषातल्या थंडीनं एके सकाळी पार्बताबाईचे गुडघे पार धरले. "मेलो वं माय, मेलो," तिचं सारखं चाललं होतं. डोळ्यांना धार लागलेली. माणिक घुटमळली.

"आज राहतो घरी."

"आन कापूस काय तुहा बाप वेचते? जा! सुभे, मले सुंठीचा काढा करून आन. कडू लागला तरी चालन, दाट कर."

त्या दिवशी माणिकचे हात बोंडांवर होते आणि कान घराकडे. दिवस कलायच्या आत ती निघाली. अंगणात पार्बताबाई ढिगाला टेकून निजली होती, काढ्याचा वाडगा बाजूला पालथा. सुनेच्या मनात आलं, राखणदारच घोरते. पण म्हातारी घोरत नव्हती.

घरात कसलाच आवाज नव्हता. माणिक पाळण्याशी धावली. वाकली. जान्यानं तिची नथ धरून ओढली आणि खुदकन हसला.

तिनं त्याला उचलून छातीशी धरलं. तेव्हा तिला सुभी दिसली. चुलीपुढं बसून पोर राखेनं डबी घासत होती. डबी रिकामी होती.

"सुभे! जान्याले किती देली?"

"मोहरीएवढी, माय."

"मंग बाकीची?"

सुभीनं अंगणाकडे बोट दाखवलं. पाठीत धपाटा बसेल म्हणून ती आधीच जरा वाकली होती.

"आजी सकाळपासून रडून राहिली होती," ती म्हणाली. "लहान्याले चिमटी, मोठ्याले मूठ."