थरांमधली पावलं

हा साचेवाल्याचाच चावटपणा, अशी माझी खात्री होती. संग्रहालयाच्या कार्यशाळेत जीवाश्मांचे प्लॅस्टरचे साचे तोच बनवतो, आणि त्याच्या थट्टेला धरबंध नाही.

एकाच कड्याच्या चार थरांतून कापून आणलेल्या लाद्या मी छिन्नीने उघडत होते. वरच्या थराच्या लादीत सरड्यासारख्या प्राण्याची हाडं निघाली आणि शेजारी एक अनवाणी पाऊल. माणसाचं, उजवं, करंगळी वाकडी.

"लादी तुमच्याच हातांनी फुटली ना, ताई? मी काय दगडात शिरलो होतो?" शेजारच्या टेबलावरून साचेवाला म्हणाला.

त्याखालच्या थरात मासे होते आणि डावं पाऊल. त्याखाली नुसत्या शिंपल्या आणि पुन्हा उजवं. सगळ्यात खालच्या लादीत, जिथे जीव म्हणजे शेवाळाचा एक डाग, तिथेही डावं होतं. करंगळी तशीच वाकडी.

"आता पुरे करा तुमचे चाळे!" मी ओरडले.

साचेवाला हसत नव्हता. त्याने लाद्या होत्या तशा एकावर एक रचल्या. पावलं जिना चढावा तशी वर आली होती.

मग तो खाली बघत राहिला.

आमच्याकडे दिवसभर केर काढत नाहीत, संध्याकाळी चाळूनच टाकतात, चुऱ्यात एखादा दात सापडतो म्हणून. त्यामुळे जमिनीवर दगडाची पांढरी धूळ पसरली होती आणि तिच्यात आमच्या बुटांचे ठसे.

माझ्या स्टुलामागे मात्र एक डावं पाऊल होतं. अनवाणी, वाकड्या करंगळीचं, बोटं माझ्या पाठीकडे.

उजवं अजून पडायचं होतं.