दारातली थोरली

मेल्यावर तरी माणसानं शिस्तीत राहावं. पण थोरली सून जिवंतपणी ऐकत नव्हती, ती मेल्यावर काय ऐकणार! रोज सकाळी डब्याची पिशवी खांद्याला लावून ती बाहेरच्या दारात उभी. ना आत, ना बाहेर. सासूबाईंना दूध आणायला जायचं तर अंग चोरून, चौकटीला घासून जावं लागायचं. शेजारणीला वाटायचं, म्हातारीचा गुडघा गेला. वाटेना का! सुनेला वाट देते म्हणून सांगायचं की काय?

जिवंतपणीही ती तिथंच उभी राहायची, धाकटीची वाट बघत. दोघी जावा एकाच शिलाईच्या कारखान्यात. थोरली कॉलरच्या लाईनवर सुपरवायझर, धाकटी बटणांवर. एकीला उशीर झाला की दुसरी तिचं हजेरीचं कार्ड मारायची. सासूबाई चारचौघींत मिरवायच्या, "सख्ख्या बहिणींत नसेल एवढं आमच्या जावाजावांत आहे."

मग कारखान्यानं सगळ्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करवली. दोघींचे रिपोर्ट स्वच्छ आले. पुढच्या वर्षी थोरलीला अधेमधे रक्त जायला लागलं. कामावरून आली की कंबर धरून बसायची.

"रिपोर्ट स्वच्छ आहे ना? मग नाटकं कसली?" हे सासूबाईंनीच तिला ऐकवलं होतं. तीही खाली मान घालून गप्प बसली. शेवटी दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता. जिथं काही नाही असं रिपोर्ट म्हणाला होता, नेमका तिथंच कॅन्सर निघाला.

तेव्हापासून त्या तपासणीचं नाव घरात काढायची सोय नव्हती. दवाखान्यातल्या नर्सनं समजावून पाहिलं होतं. कधीकधी या तपासणीतून सुटतं, म्हणून तर ती ठरावीक वर्षांनी पुन्हा करायची असते, आणि त्रास सुरू झाला तर जुन्या रिपोर्टावर विसंबायचं नसतं. सासूबाईंनी पहिलं अर्धं वाक्य ऐकलं आणि पदर झटकून उठल्या.

आज त्याच नर्सचा फोन आला. त्याच दवाखान्यानं नुकतीच कारखान्यात पुन्हा तपासणी केली होती, धाकटीचीही. धाकटी भांडी घासत होती, हात साबणाचे, म्हणून तिनं कोपरानंच फोनचा स्पीकर लावला. नर्स म्हणाली, पेशी बदललेल्या दिसताहेत. कॅन्सरच आहे असं नाही, पण दुर्बिणीतून जवळून बघायला हवं. आजच या, टाळू नका.

धाकटीनं तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी फोन उचलला.

"एकीला चांगली म्हणून मारलीत, आता दुसरीला वाईट म्हणताय. डोळे आहेत की खाचा?" आणि त्यांनी फोन बंद केला.

"कुठं जायचं नाही," त्या धाकटीला म्हणाल्या.

"बरं, आई." धाकटी पुन्हा भांडी विसळायला लागली.

तिथं सासूबाईंना खटकलं. आमटीतल्या मिठावरून वाद घालणारी, पंख्याच्या वेगावरून हुज्जत घालणारी ही बाई. जिवावरचं ऐकून नुसतं "बरं"?

त्यांनी दाराकडे पाहिलं. थोरली उभी होती. एरवी सकाळ टळली की जायची, आज गेली नव्हती. आणि ती बघत होती धाकटीकडे.

"काय लपवताय गं दोघी?"

धाकटीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"तुम्हालाही दिसतात त्या?"

"पिशवीसकट."

धाकटीनं नळ बंद केला.

"आई, ती तपासणी चुकली नव्हती. परक्या बाईसमोर तसं उघडं झोपायची ताईंना लाज वाटायची. म्हणाल्या, कार्ड मारतेस तशी माझ्या नावानं तूच जाऊन ये. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, कोण ओळखतंय? दोन्ही वेळा टेबलावर मीच झोपले. दोन्ही रिपोर्ट माझेच होते."

"आणि रक्त जायला लागलं तेव्हा?"

"त्यांनी शपथ घातली. कळलं तर दोघींची नोकरी जाईल म्हणाल्या. मी गप्प बसले. आता कुठल्या तोंडानं मी माझा जीव वाचवायला जाऊ? त्या दारातून हलत नाहीत."

मग नाटकं कसली? मग नाटकं कसली? आपलेच शब्द सासूबाईंना भिंतींतून ऐकू यायला लागले. त्यांनी खुंटीवरची धाकटीची पिशवी काढून तिच्या खांद्याला लावली, तिचा ओला हात घट्ट धरला आणि दारापाशी आल्या. आज त्यांनी अंग चोरलं नाही. चौकटीच्या बरोबर मधोमध उभ्या राहिल्या.

"ऐक, थोरले. तू लाजलीस, ही घाबरली, मी तोंड चालवलं. आपल्या तिघींपेक्षा ती तपासणी खरी निघाली. तेव्हाही ती हिच्याबद्दल बोलत होती, आजही हिच्याबद्दलच बोलतेय. तुझ्या वेळी मी उशीर केला. हिच्या वेळी करायची नाही. हो बाजूला."